अमेरिकेतल्या आयोवात सहा बेसबॉल संघांचे सामने पडद्यावर बंद, आणि म्हणे मैदानं भरायला!

डेमॉइनकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, "घरबसल्या सामना दिसला तर मैदानात कोण जाईल? ब्लॅकआउट, म्हणजे संघाच्या भागात प्रक्षेपण बंद, हवाच." वाचून डोकं फिरलं. आयोवात मोठ्या लीगचा एकही बेसबॉल संघ नाही. तरी कब्ज, व्हाइट सॉक्स, कार्डिनल्स, ब्रूअर्स, ट्विन्स, रॉयल्स अशा सहा संघांनी वर्षानुवर्षं हे राज्य आपल्या हद्दीत धरलंय, म्हणून त्यांचे सामने इथे बंद. इथून ट्विन्सचं मिनियापोलिस गाडीने साडेतीन तास. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर कुठलं मैदान भरू? लेकासाठी लीगच्या ऑनलाइन सामन्यांची वर्षाची वर्गणी भरली, पहिल्याच संध्याकाळी 'तुमच्या भागात उपलब्ध नाही'. पोरगं रडत झोपलं.

फिलीकाका: ते मीच लिहिलं. नव्वदच्या दशकात आमच्या शहरातला फुटबॉलचा सामना टीव्हीवर दिसणार नव्हता, म्हणून चौघांनी तिकिटं काढली. थंडीत कुडकुडलो, पण तो दिवस अजून आठवतो.

डेमॉइनकर: काका, तो एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा नियम. ७२ तास आधी तिकिटं संपली नाहीत तर त्या शहरात प्रक्षेपण बंद. २०१५ मध्ये त्यांनीच तो थांबवला. बेसबॉलमध्ये मैदान खच्चून भरलं तरी पडदा काळाच, कारण प्रादेशिक वाहिनीने त्या भागाचे हक्क विकत घेतलेले असतात.

फिलीकाका: आणि त्याच पैशावर छोट्या शहरांतले संघ जगतात, हेही लिहा की!

बोस्टनची मनीषा: आपल्याकडे बरं. २००७ च्या कायद्याने भारताचे महत्त्वाचे सामने दूरदर्शनला द्यावेच लागतात.

माढेकर: ताई, अर्धीच माहिती देताय. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते प्रक्षेपण फक्त दूरदर्शनच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर. केबलवाल्याने दाखवायचं नाही. गावी आमचे आबा केबलवर डीडी स्पोर्ट्स लावून बसतात आणि भारताची मॅच सोडून भलतंच काही दिसतं.

बोस्टनची मनीषा: मग हक्क विकत घेणाऱ्या वाहिनीने काय करायचं? दूरदर्शन प्रत्येक केबलवर सक्तीचं. तिथे मॅच फुकट दिसली तर त्यांची वर्गणी कोण भरेल? शिवाय जाहिरातींच्या उत्पन्नातले ७५ टक्के त्या वाहिनीला मिळतात, म्हणजे दूरदर्शनही फुकट घेत नाही.

माढेकर: हिशेब मला कळतो. पण आबा महिन्याला केबलचे पैसे मोजतात! ज्याने काहीच भरलं नाही त्याला मॅच दिसते, यांना नाही. हा कुठला न्याय?

बोस्टनची मनीषा: हे मात्र खरंय. नाइलाजाने मान्य करते. फ्री डिशची छत्री बसवून द्या ना, एकदाच खर्च.

फिलीकाका: बेसबॉलचं मीही थोडं मान्य करतो. २०२३ मध्ये प्रादेशिक वाहिनीने पैसे थकवले तेव्हा लीगने सॅन दिएगोच्या पॅड्रेस संघाचे सामने स्वतः दाखवले, आणि सॅन दिएगोकरांना पैसे भरून घरबसल्या बघता आले. पण थोडंच.

डेमॉइनकर: म्हणजे दाखवता येतात! हेच तर कालपासून सांगतोय.

माढेकर: मनीषाताई, छत्री आणून पडलीय. आबा ८१ वर्षांचे, पत्र्यावर चढणार कोण? मी इथे ऑस्टिनला.