शब्दचर्चा : प्रवासबंदी साथ ‘रोखते’ की ‘लांबवते’?

प्रश्न : ‘प्रवासबंदीने साथ रोखली’ असं सर्रास लिहिलं जातं. हे बरोबर आहे का? आणि ‘विलगीकरण’ व ‘अलगीकरण’ एकच का?

प्रतिसाद : ‘रोखली’ बहुतेक वेळा चूक, ‘लांबवली’ लिहावं. समजा रुग्ण दर ३ दिवसांनी दुप्पट होतायत आणि बंदीमुळे १०० बाधित प्रवाशांऐवजी १० च आत आले. त्या १० चे १०० व्हायला सव्वातीन दुपटी लागतात, म्हणजे १० दिवस. ९९ टक्के अडवले तरी २० च दिवस. एवढ्या सवडीत खाटा, चाचण्या, माणसं उभी केली तर बंदी कारणी लागली. गावात साथ आधीच पसरली असेल, तर वेशीवर चारदोघांना अडवून काही फरक पडत नाही.

प्रतिसाद : आता ती जोडी. दोन्ही शब्दांत ‘लग’ आहे, ‘लागण’मध्ये आहे तोच, त्यामुळे व्युत्पत्तीवरून फरक कळत नाही, तो संकेतानेच पाळावा लागतो. विलगीकरण आजारी माणसाचं. अलगीकरण संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट माणसाचं. त्याचे दिवस अधिशयन काळावरून, म्हणजे लागण झाल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंतच्या मुदतीवरून ठरतात. कोविडमध्ये सुरुवातीला १४ होते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात डाव्या हातावर तारखेसह शिक्का मारत, तो अलगीकरणाचा. त्याला ‘विलगीकरणाचा शिक्का’ म्हटलं की शिक्का असलेला प्रत्येक जण रुग्ण ठरतो, आणि हे फार वाईट. उलट, ‘मला काहीच होत नाही’ म्हणून शिक्का असलेला माणूस गाडीत बसला तर तेही चूकच.

प्रश्न : अलगीकरणाचा इंग्रजी शब्द ‘क्वारंटाइन’, म्हणजे ४० दिवस ना?

प्रतिसाद : हो, इटालियन ‘क्वारांता’ म्हणजे चाळीस, त्यावरून. पण रगूसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर ठेवायचा नियम केला होता. ४० चा आकडा नंतरचा.

प्रश्न : मग १८९६ नंतर मुंबईच्या प्लेगात रेल्वे स्टेशनांवर जे चाललं त्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद : ‘प्रवासी तपासणी’. उतारूंच्या काखा-जांघा चाचपून प्लेगच्या गाठी शोधत. अधिशयन काळातल्या माणसाला गाठच नसते, तो सुटायचा. आणि प्लेग नेणारे उंदीर आणि पिसवा धान्याच्या पोत्यांतून पुढच्या गावी पोचत; ती पोती उतारूंच्या रांगेत नव्हतीच.