विंडोज १०वरच थांबावे की नवा संगणक घ्यावा?

मुलुंडचा खजिनदार

नमस्कार. आमच्या घरी २०१७ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असून विंडोज १० अजून नीट चालते. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट संपल्यापासून पुढे काय करावे, हे ठरत नाही. मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार आहे. टॅलीतले हिशेब आणि पूर्वीच्या सचिवांनी युनिकोडच्या (सर्व संगणकांवर सारखी दिसणारी अक्षरसंकेत पद्धत) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली सभांची इतिवृत्ते याच संगणकावर आहेत, शिवाय नेट बँकिंगही यावरूनच करतो. लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार बायोसमधून (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंग्जमधून) टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करून विंडोज ११ टाकून द्यायला तयार आहे, तर दुसरा म्हणतो की नवा संगणक घेण्याला पर्याय नाही. कोणाचे ऐकावे?

दादरचा संगणक दुरुस्तीवाला

माझे स्पष्ट मत असे आहे की आज दोघांचेही ऐकू नये.

टीपीएम २.० ही विंडोज ११ची एक अट आहे, आणि तुमच्या पिढीच्या बहुतेक संगणकांत ते बायोसमधून चालू करता येते, इतपत पहिल्या दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. पण मायक्रोसॉफ्टने प्रोसेसरची यादीही ठरवून दिलेली आहे आणि इंटेलच्या बाबतीत ती, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे टीपीएम चालू झाले तरी तुमचा प्रोसेसर त्या यादीत बसणार नाही. तपासणी टाळून विंडोज ११ बसवता येते हे खरे, परंतु अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि अपडेट मिळावेत म्हणूनच तर हा सारा खटाटोप आहे. फक्त प्रोसेसर बदलावा असे कोणी सुचवले, तर तेही मानू नका. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या सॉकेटमध्ये बसतो, तरी तुमच्या जुन्या मदरबोर्डवर तो चालत नाही. बोर्डही बदलायचा म्हटले की खर्च जवळजवळ नव्या संगणकाच्या वाटेला लागतो.

तातडीने नवा संगणक घेण्याचीही गरज नाही. विंडोज १०साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे आणि घरगुती ग्राहकांना त्यातून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो. त्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. त्या खात्यावर सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. अन्यथा ३० डॉलर किंवा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० गुण द्यावे लागतात. नवी वैशिष्ट्ये यातून मिळत नाहीत, पण तुम्हाला त्यांची निकडही दिसत नाही. या मुदतीत शांतपणे किमती बघा आणि मगच खरेदी करा.

त्याआधी बॅकअप मात्र घ्याच. इतकी वर्षे चाललेल्या हार्ड डिस्कची मला विंडोजपेक्षा जास्त काळजी वाटते. बाहेरच्या डिस्कवर सगळे कॉपी करा आणि टॅलीचा डेटा दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहा, कारण न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर विसंबणे धोक्याचे असते.

गिरगावकर

वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त इतिवृत्तांविषयी थोडे लिहितो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्यांवर मराठी अक्षरांची चित्रे दाखवतो. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसला की इतिवृत्ताच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसतात. म्हणून जुन्या संगणकातील फॉन्टच्या फाइलीही बॅकअपमध्ये घ्या, प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ करून ठेवा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करा. रूपांतरानंतर रफार आणि जोडाक्षरे मुळाशी ताडून पाहावी लागतात. ठरावाच्या शब्दांत चूक राहिली तर पुढे सभेत वाद होऊ शकतो.

विलेपार्ल्याची सभासद

आमच्या घरच्या अशाच जुन्या संगणकावर आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणक प्रणाली वापरतो. मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी उत्तम टाइप होते आणि पेन ड्राइव्हवरून चालू करून आधी पारखताही येते. पण टॅली विंडोजसाठी बनलेले असल्यामुळे खजिनदारांना मी आत्ताच हा मार्ग सुचवणार नाही. हिशेब नव्या संगणकावर गेले की हा डेस्कटॉप घरच्या वापरासाठी मिंट टाकून ठेवता येईल.

एक मुद्दा मात्र आग्रहाने मांडते. सोसायटीचे हिशेब आणि इतिवृत्ते ही सर्व सभासदांची कागदपत्रे आहेत; ती खजिनदाराच्या घरच्या संगणकावर असणेच मुळात योग्य नाही. नवा संगणक घ्यायचा असेल, तर तो व्यवस्थापक समितीत ठराव करून सोसायटीच्या नावे घ्यावा. तुम्ही पदावरून उतरलात तरी दप्तर सोसायटीकडेच राहील.

मुलुंडचा खजिनदार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाढीव अपडेटची नोंदणी आजच करतो आणि सोसायटीच्या संगणकाचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत मांडतो. दरम्यान, या जुन्या डेस्कटॉपला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (तिच्याहून वेगवान साठवण) बसवण्यात पैसे घालावेत का?

दादरचा संगणक दुरुस्तीवाला

अवश्य घाला. साटा जोडणीची एसएसडी घेतलीत तर याच संगणकाचा वेग लक्षणीय वाढेल, आणि पुढे तीच काढून साटा जोडणी असलेल्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये लावता येईल. रॅमवर मात्र खर्च करू नका. ८ जीबी तुमच्या कामाला पुरेशी आहे.