'ड्रॉट स्ट्रेस'ला काय म्हणायचं? (कापूस, ताण आणि जनुकांची 'अभिव्यक्ती')

मेघना_अनुवाद
एका शेतीविषयक मासिकासाठी लेख मराठीत आणतेय. विषय असा, की पाणी कमी पडलं की कापसाच्या झाडात जनुकांच्या पातळीवर काय घडतं. दोन ठिकाणी अडलेय.

एक, 'ड्रॉट स्ट्रेस'. मी 'दुष्काळाचा ताण' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'अवर्षणाचा ताण' केलं. पण लेखातला प्रयोग काचघरात, कुंड्यांमध्ये केलेला आहे. तिथे पाऊस पडणारच नव्हता, मग अवर्षण कसलं?

दोन, 'जीन एक्स्प्रेशन', म्हणजे जनुकातली माहिती वाचली जाऊन कामी येणं. सगळीकडे 'जनुक अभिव्यक्ती' दिसतं, म्हणून तेच ठेवलं. 'ताणाच्या काळात ड्रेब कुळातील जनुकांची अभिव्यक्ती वाढते' हे वाक्य सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यांची हयात यवतमाळकडे कापूस करण्यात गेली. म्हणाले, "म्हणजे झाड बोंब मारते म्हण ना सरळ."

सुचवा काहीतरी.

वऱ्हाडी_गडी
सासरेबुवांना रामराम सांगा. राजेहो, दुष्काळ गावाले पडते, झाडाले नाही पडत. आमच्याकडे पाऊस थांबला की पयले म्हणतात 'उघडीप'. ती तर पाहिजेच असते, डवरणी-निंदण कधी करणार नाहीतर? उघडीप लांबली की तिचा 'खंड' होते. खंड लांबला, वरची ओल गेली, पऱ्हाटी दुपारी माना टाकाले लागली की 'ताण बसला'. आणि पीक गेलं, पैसेवारी (पिकाचा सरकारी अंदाज) निघाली की मग 'दुष्काळ', तोही कागदावर पूर्वी 'टंचाई' म्हणूनच यायचा. दिवस तेच, नावं चार. तुमच्या कुंडीत फक्त तिसरं नाव चालते.

कोशकार_नाना
दुष्काळ म्हणजे दुस् अधिक काल, वाईट काळ. पावसाशी त्याचा संबंध नंतरचा, म्हणूनच 'ओला दुष्काळ' हा प्रयोग चुकीचा नाही. अवर्षण म्हणजे वर्षणाचा अभाव. दोन्ही शब्द कुंडीला लागू नाहीत, हे मान्य.

मात्र 'ताण'बद्दल माझा आक्षेप आहे. 'स्ट्रेस'चं हे आळशी भाषांतर अलीकडे जिथे तिथे बोकाळलं आहे. ऑफिसचा ताण, नात्यातला ताण, आता झाडाचाही ताण! अभियांत्रिकीत 'प्रतिबल' हा नेमका शब्द आहे. 'जलाभावजन्य प्रतिबल' लिहा.

संत्र्याची_बाग
नाना, 'ताण' इंग्रजीतून आलाय असं तुम्हाला कोणी सांगितलं? आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार (थंडी सरताना येणारी फुलं) धरायचा तर पाणी तोडून बाग 'ताणावर सोडतात'. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो, भारी काळी असेल तर जास्त दिवस लागतात. पानं मलूल होऊन थोडी पिवळट दिसली की ओळखायचं, आणि जानेवारीत पाणी देऊन 'ताण तोडायचा'. ताण जास्त झाला की पानगळ, कमी झाला की फुलाऐवजी नुसती नवती, म्हणजे नवी पालवी. आमच्या आजोबांना 'स्ट्रेस' हा शब्द माहीत नव्हता, पण ताण किती द्यायचा ते त्यांच्याकडून शिकायला लांबून माणसं यायची.

'जलाभावजन्य प्रतिबल तोडायचं' असं त्यांना म्हणून बघायला हवं होतं.

कोशकार_नाना
बागेला मुद्दाम दिला जाणारा ताण आणि नैसर्गिक आपत्ती या भिन्न गोष्टी आहेत. शास्त्रीय लेखनात एक शब्द, एक अर्थ असावा.

पेशीतला_माणूस
झाडाला दोन्ही सारखेच, नाना. मुळाभोवती पाणी कमी झालंय एवढंच त्याला कळतं, ते कोणी तोडलं हे कळत नाही. प्रयोगशाळेत तर रोपं पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात ठेवतात. भोवती पाणीच पाणी असतं, पण ते मुळांना ओढता येत नाही. त्यातही तीच जनुकं कामाला लागतात. म्हणून 'पाण्याचा ताण' हाच शब्द मला पटतो.

मेघनाताई, त्याहून महत्त्वाचं: लेखात 'ताणामुळे जनुकांत बदल होतो' असं कुठे लिहिलं नाहीत ना? बरेच जण लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं, दुष्काळात झाडाची जातच बदलली. जनुकं तीच राहतात. कोणतं वाचलं जातं, किती वाचलं जातं, ते बदलतं. ड्रेब, नॅक, डब्ल्यूआरकेवाय ही कुळं मुकादमांची. ती आधी जागी होतात आणि खालच्या शेकडो जनुकांना कामाला लावतात. मग पेशीत प्रोलीनसारखी द्रव्यं साठतात, पाणी धरून ठेवणं सोपं जातं.

मेघना_अनुवाद
नाही, 'बदल' नाही लिहिलं. पण 'जनुकीय प्रतिसाद' लिहिलंय. तेही चुकीचं वाचलं जाईल का?

पेशीतला_माणूस
'प्रतिसाद' चालेल. शास्त्रीय नावांचा गोंधळ मराठीपुरता नाही, म्हणून एक गंमत सांगतो. १९६३ साली अमेरिकेत फ्रेडरिक ॲडिकॉट यांच्या गटाने कपाशीच्या कोवळ्या बोंडांतून एक द्रव्य वेगळं काढलं. बोंडं का गळतात ते त्यांना शोधायचं होतं, म्हणून त्या द्रव्याला गळतीवरून (इंग्रजीत 'ॲब्सिशन') नाव मिळालं. त्याचंच पुढे 'ॲब्सिसिक आम्ल' झालं. नंतर लक्षात आलं की गळतीचं मुख्य काम इथिलीन करतं. या आम्लाचं मोठं काम म्हणजे पाणी कमी पडल्याचा निरोप पोचवणं आणि पानांची रंध्रं मिटवणं. नाव मात्र गळतीचंच राहिलं.

दुसरंही कापसातलंच. 'लेट एम्ब्रियोजेनेसिस ॲबंडंट' (भ्रूण घडण्याच्या अखेरीस भरपूर, इंग्रजी आद्याक्षरांनी 'ली') नावाची प्रथिनं १९८१ मध्ये लिऑन ड्यूर यांच्या गटाने सरकीत पहिल्यांदा दाखवली. सरकी पक्व होऊन वाळताना ती भरपूर तयार होतात, म्हणून तसं नाव. पुढे ताण बसलेल्या झाडाच्या पानांत आणि मुळांतही ती सापडली. तिथे कुठला आलाय भ्रूण? मराठीत 'ली प्रथिने' लिहून मोकळं व्हावं हे बरं.

वऱ्हाडी_गडी
म्हणजे पातेगळीचं औषध शोधता शोधता तहानेचं सापडलं म्हणा की.

शैला_कर्वेनगर
'अभिव्यक्ती'ला माझा विरोध. अभिव्यक्ती म्हटलं की पुढे 'स्वातंत्र्य'च आठवतं. 'प्रकटन' का नको?

संत्र्याची_बाग
प्रकटन म्हटलं की जाहिरात आठवते. 'जाहीर प्रकटन, माझे अशील यांनी...' :)

पेशीतला_माणूस
आम्ही प्रयोगशाळेत मराठीत बोलताना 'जीन ऑन झाला' म्हणतो. लिहायचं तर 'जनुक कामाला लागतं', 'सक्रिय होतं'. अडचण एवढीच, की अभिव्यक्ती कमी-जास्त मोजतात, दिवा लावल्या-विझवल्यासारखी ती नसते. 'जनुक दुप्पट सक्रिय झालं' जरा विचित्र वाटतं.

वऱ्हाडी_गडी
'जीन ऑन झाला' आमच्या गावात म्हणू नका. जीन म्हणजे जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना. 'जीन सुरू झाला' म्हटलं की लोक गाड्या भरून कापूस घेऊन येतील. त्यापेक्षा 'जनुक' बरं, निदान त्याचा भाव तरी कोणी विचारत नाही.

कोशकार_नाना
पाहा, शेवटी घडवलेला शब्दच कामी आला. 'जनुक' जनतेच्या तोंडून आलेला नाही.

आणखी एक. 'ताण' आणि 'तंतू' दोन्ही 'तन्' या धातूचे, म्हणजे ताणणे, पसरणे. कापसाच्या लेखात ते शेजारी यावेत, हे मला शब्द म्हणून आवडतं. आक्षेप कायम आहे.

पेशीतला_माणूस
हे मात्र झकास, आणि शास्त्रातही बसतं. कापसाचा धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यानंतर साधारण पहिले तीन आठवडे ती आतल्या पाण्याच्या दाबाने लांब होत जाते. त्याच दिवसांत झाडाला पाणी कमी पडलं तर दाब उतरतो आणि धागा आखूड राहतो. म्हणजे ताण बसला की तंतू ताणला जात नाही. त्यानंतर भिंतीत सेल्युलोज भरतं, तेव्हा ताण बसला तर धागा कच्चा, हलका राहतो.

शैला_कर्वेनगर
'ड्रॉट टॉलरन्ट'चं काय करणार? 'अवर्षण सहनशील' वाचलं की सोशिक सुनेची आठवण येते.

खेडचा_भातवाला
आमच्या कोकणात भाताला हळवं, निमगरवं, गरवं म्हणतात. हळवं म्हणजे लवकर तयार होणारं. परतीच्या पावसाने दगा दिला तरी हळवं आधीच कापून झालेलं असतं. ही सहनशीलता नाही, निसटणं आहे. शास्त्रात यांना वेगळे शब्द असतील ना?

पेशीतला_माणूस
आहेत. तुम्ही म्हणता ते निसटणं. खोल मुळं घालून पाणी मिळवत राहणं हे टाळणं, आपला देशी कापूस त्यासाठी नावाजलेला. आणि पेशीत पाणी कमी होऊनही तगून राहणं ही खरी सहनशीलता. मराठीत तिन्हींना सरसकट 'प्रतिकारक' म्हणतात आणि बियाण्याच्या पिशवीवर छापतात.

वऱ्हाडी_गडी
पिशवीवर तर काहीही छापतात. 'तग धरणारं' म्हणा, सगळ्यांना समजते. आणि कोणी बीटी म्हणजे तग धरणारं समजू नका. ते जनुक बोंडअळीसाठी आहे, पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

मेघना_अनुवाद
'पाण्याचा ताण' आणि 'तग धरणे' दोन्ही घेतलं. 'अभिव्यक्ती'चं बघते. लेखाच्या शेवटी इतर तंतुपिकांचा एक तक्ता आहे, त्यात ज्यूटला 'ताग' लिहिलंय. एवढं तरी बरोबर आहे ना?

खेडचा_भातवाला
पोतं तागाचं, म्हणजे ज्यूट म्हणजे ताग. त्यात काय शंका?

संत्र्याची_बाग
शंका आहे! आमच्याकडे ताग पेरतात तो हिरवळीच्या खताचा, पिवळ्या फुलांचा. फुलावर आला की नांगरून गाडायचा. कृषी सहायकाला ताग म्हटलं तर तो त्याचंच बियाणं देईल, ज्यूटचं नाही.

कोशकार_नाना
तो बोरू. ताग नव्हे.

संत्र्याची_बाग
बोरू तुमच्याकडे. बियाण्याच्या पावतीवर ताग असतं, नाना. शेजारच्या ओळीत धैंचा.

शैला_कर्वेनगर
बोरूने तर लिहायचे ना? बोरूबहाद्दर वगैरे?

कोशकार_नाना
लिहायचा बोरू हे वेगळंच गवत, त्याचा या बोरूशी संबंध नाही. आणि या तक्त्याला 'तंतुपिके' हे शीर्षकही ढोबळ आहे. अंबाडी, घायपात, ताग यांचा निघतो तो 'वाख'. कापसाचा वाख कोणी म्हणत नाही.

वऱ्हाडी_गडी
अंबाडीची आम्ही भाजी खातो अन् वाळल्या बोंडांचं सरबत करतो. तिला तंतुपीक म्हटलं तर घरचे जेवायला देणार नाहीत.

खेडचा_भातवाला
सरबत लाल अंबाडीचं. भाजीची वेगळी.

वऱ्हाडी_गडी
दोन्ही आमच्या बांधावर आहेत. या बघायला.