मदत हवी आहे: पायथनमधून दूध डेअरीचं बिल सीएसव्ही, टेक्स्ट आणि एचटीएमएलमध्ये काढताना नावांचा कचरा होतोय

मंडळी नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात डिप्लोमा करते. आमच्या गावच्या दूध सोसायटीचं काम काका बघतात. त्यांच्यासाठी बिलाचा छोटा प्रोग्राम लिहिलाय. सभासद नंबर, नाव, पत्ता, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम असा तक्ता आहे. नावाचे दोन कॉलम, कारण गावात वाचायला मराठी लागतं आणि वर पाठवायच्या यादीत कन्नड. हिशोब बरोबर येतोय, घोडं अडलंय ते फाइल लिहिताना.

१) सीएसव्ही (स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेली साधी फाइल): आधी 'चारमॅप' कोडेकची एरर यायची. फाइल उघडायच्या ओपनमध्ये एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ दिल्यावर ती गेली. नोटपॅडमध्ये नावं छान दिसतात, पण काका एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडतात तेव्हा भलतंच काहीतरी दिसतं. शिवाय प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ येते.

२) टेक्स्ट: एलजस्ट (पुढं स्पेस भरून ठरलेली रुंदी करणारं फंक्शन) वापरून कॉलम सरळ करायला बघते, पण 'रमण'ची ओळ एकीकडं आणि 'ज्योती'ची दुसरीकडं. ही फाइल सभासदांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायची आहे.

३) एचटीएमएल: पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीचं टू-एचटीएमएल वापरलं. माझ्या लॅपटॉपवर पान नीट उघडतं, डेअरीतल्या कॉम्प्युटरवर नाही. लांब पत्ते मध्येच तोडून पुढं तीन टिंबं येतात.

विंडोज आहे, पायथन ३. मोबाइलवरून लिहितेय म्हणून कोड मराठीतच.

प्रतिसाद १
ताई, एक्सेलमध्ये नेमकं काय दिसतं ते सांगा. 'भलतंच' पुष्कळ प्रकारचं असतं.

धागाकर्ती
डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं गोल चिन्ह, असंच ओळभर. कन्नडच्या कॉलममध्येही तोच ए, पण पुढं बारीक २ नाहीतर ३.

प्रतिसाद १
मग तुमचा डेटा शाबूत आहे, घाबरू नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं आणि कन्नडचं एकेक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं. एक्सेल ते तीन बाइट सीपी-१२५२ (विंडोजची जुनी, एका बाइटला एक अक्षर देणारी पद्धत) समजून वेगवेगळे दाखवतंय. दोन्ही लिप्यांचा पहिला बाइट एकच, म्हणून तो ए सगळीकडं. गोल चिन्ह किंवा येनचं चिन्ह आलं तर देवनागरी, वर चढवलेला २ किंवा ३ आला तर कन्नड. नुसती प्रश्नचिन्हं दिसली असती तर मात्र नावं कायमची गेली म्हणून समजायचं.

उपाय एका शब्दाचा. एन्कोडिंग='यूटीएफ-८-सिग' द्या. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण बसते आणि डबल क्लिकवरही एक्सेल ओळखतं. रिकाम्या ओळींसाठी त्याच ओपनमध्ये न्यूलाइन='' द्या. सीएसव्ही मॉड्यूल ओळ संपवताना दोन चिन्हं लिहितं, विंडोज त्यात आणखी एक घालतं, त्यातून ती ओळ येते. आणि स्वल्पविराम जोडून हातानं ओळी बनवत असाल तर ते बंद करा. 'मारुती गल्ली, देवळामागं' असा पत्ता आला की पुढचे सगळे कॉलम एक घर सरकतात. सीएसव्ही.रायटर अशा मजकुराला स्वतःहून अवतरणात घालतो.

प्रतिसाद २
टेक्स्टचा नाद सोडा, असं माझं स्पष्ट मत. लांबी मोजणारं लेन('रमण') ३ येतं आणि लेन('ज्योती') ६, कारण पायथन पाय मोडायचं चिन्ह आणि मात्राही मोजतो. डोळ्याला मात्र ज्योतीत दोनच अक्षरं दिसतात. एलजस्ट त्या सहावर विसंबून कमी स्पेस भरतो. अक्षरांची दिसणारी रुंदी मोजणाऱ्या डब्ल्यूसीविड्थ लायब्ररीनं थोडं सुधारेल, पण जोडाक्षराची रुंदी शेवटी फाँट ठरवतो आणि सभासदांच्या मोबाइलवर कुठला फाँट असेल ते कोण सांगणार? ग्रुपवर तक्ता कशाला हवा? सभासदामागं एक ओळ टाका: नंबर, नाव, लिटर, रक्कम, मध्ये उभी रेघ. म्हातारी माणसं उलट तेच पटकन वाचतात.

प्रतिसाद ३
टू-एचटीएमएल फक्त टेबलचा तुकडा देतं, हेड वगैरे काही नाही. ब्राउझरला एन्कोडिंग कोणीच सांगत नाही, मग तो अंदाज बांधतो. म्हणून एका मशीनवर बरोबर, दुसऱ्यावर चूक. तुकडा स्ट्रिंगमध्ये घ्या, त्याच्याआधी डॉकटाइप (पान एचटीएमएलचं आहे हे सांगणारी ओळ) आणि हेडमध्ये सगळ्यात वर मेटा कॅरसेट यूटीएफ-८ (एन्कोडिंग सांगणारी ओळ) लिहा, मग सगळं मिळून फाइलमध्ये टाका. ही कॅरसेटची ओळ पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवी. इथं साधं यूटीएफ-८ पुरे, 'सिग' नको. तीन टिंबं येतात ती पांडाजच्या ५० अक्षरांच्या मर्यादेमुळं, डिस्प्ले.मॅक्स_कोलविड्थ नन करा.

छापणार असाल तर शीर्षकाची ओळ टीहेडमध्येच (टेबलच्या शीर्षकाचा टॅग) राहू द्या, प्रत्येक कागदावर आपोआप येते. पांडाज तसंच देतं. रकमेचे कॉलम उजवीकडं ओढा, नाहीतर बेरीज ताडून बघणाऱ्याचे हाल.

धागाकर्ती
सीएसव्ही आणि एचटीएमएल दोन्ही झालं! आभार. टेक्स्टचं काकांना पटलंय, एक ओळ करतेय. आता दोन गोष्टी राहिल्या. सभासद नंबर ००७ एक्सेलमध्ये ७ होतो. आणि काही कन्नड नावं जुन्या यादीतून घेतली, ती पायथनमध्ये इंग्रजी अक्षरांचा गुंता होऊनच येतात. त्यात तो ए आणि पुढं बारीक २-३ अशी जोडी नाही.

प्रतिसाद १
ती नावं नुडीसारख्या युनिकोडच्या आधीच्या जुन्या कन्नड फाँटमध्ये टाइप केलेली असणार. तिथं आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फाँट त्यांना कन्नडचं रूप देतो. एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि कन्नड नीट येणाऱ्या कुणाकडून एकदा तपासून घ्या, ओत्तक्षरं (कन्नड जोडाक्षरांतली खाली लागणारी अक्षरं) हमखास इकडची तिकडं होतात.

००७ चं म्हणाल तर पांडाजमध्ये वाचतानाच तो कॉलम स्ट्रिंग म्हणून घ्या. पण सीएसव्हीत प्रकार साठवला जात नाही, त्यामुळं एक्सेल परत आकडाच करणार. काकांना डबल क्लिकच करायचं असेल तर त्यांच्यासाठी सरळ एक्सेलची फाइल काढा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा. बँक खात्याचा कॉलम पुढं वाढवणार असाल तर हे आत्ताच करा. एक्सेल १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य करून टाकतं.