परकरांना कस्टम्स ड्यूटी लागली!

प्रेषक: खजिनदार

मंडळी, नमस्कार.
दिवाळी स्टॉलसाठी पुण्याच्या शिंप्याकडून इथे अमेरिकेत मागवलेलं पार्सल एकदाचं हाती आलं, पण बिल बघून घाम फुटला. ४० सुती परकर, ४ डॉलरला एक. २० साडी-शेपवेअर, म्हणजे साडीखालचे ताणले जाणारे घट्ट परकर, ९ डॉलरला एक. एकूण माल ३४० डॉलरचा. त्यावर मूळ ड्यूटीच ६८ डॉलर! भारताच्या मालावरचा जादा कर वेगळा, कुरिअरची फी वेगळी. २०२४ च्या दिवाळीत याच मालावर छदामही लागला नव्हता. कुणाला यातलं कळतं का?

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

हा विषय मंडळाच्या यादीवर शोभतो का? स्टॉलवाल्या भगिनींनी आपापसात काय ते बघावं.

प्रेषक: स्टॉलवाली भगिनी

काका, पैसे मंडळाचे गेलेत, म्हणून इथेच लिहिते. कस्टम्समधून माल सोडवणाऱ्या ब्रोकरकडे मी कपड्यांचंच काम करते.

८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. तेव्हा ड्यूटी लागणारच होती. प्रश्न आहे तो किती, याचा. ६८ म्हणजे बरोबर २० टक्के, आणि २० टक्के हा अमेरिकी कस्टम्सच्या दरपत्रकातल्या ६२१२.२० या कोडाचा दर आहे, पोट आवळणाऱ्या गर्डलचा. दादा, इन्व्हॉइसवर शिंप्याने काय लिहिलंय ते बघा. ‘लेडीज शेपवेअर, अंडरगारमेंट्स, ६० नग’ असलं काहीतरी असणार. कुरिअरच्या कारकुनाने ‘शेपवेअर’ वाचलं आणि सगळं गाठोडं त्याच कोडात टाकलं.

कस्टम्स आधी कापड बघतं. होजिअरीचं असेल तर दरपत्रकाचा ६१ वा अध्याय, मागावरचं असेल तर ६२ वा. भिंगाखाली होजिअरीत साखळीसारखे फासे दिसतात, पॉपलीनमध्ये उभा-आडवा धागा. आपला नाडी-नेफ्याचा सुती परकर म्हणजे ६२०८.१९, दर ११.२ टक्के. होजिअरीचा नायलॉन-पॉलिस्टर परकर असेल तर ६१०८.११, दर १४.९. ब्रा मात्र या नियमाला जुमानत नाही. होजिअरीची असो की कापडाची, ती ६२१२.१० मध्येच जाते, बहुतेक प्रकारांना १६.९ टक्के. कारण ६२१२ हे आधार देणाऱ्या कपड्यांचं घर आहे. म्हणून त्यात शिरायला आणि त्यातून निसटायला लोक कोर्टात जातात. आत ब्रा शिवलेल्या टॉपचा असाच खटला झाला होता. आयातदाराला ६२१२ मधला ६.६ टक्क्यांचा कोड हवा होता. २०१४ मध्ये फेडरल सर्किट या अपील कोर्टाने तो नाकारला.

आता तुमचे २० शेपवेअर. ते नुसते अंगासरशी बसत असतील तर होजिअरीचे परकरच, १४.९ टक्केवाले. पोटाशी दुहेरी पट्टा असेल, आवळत असतील, तर कारकून बरोबर आणि आपण चूक. एकेक ताणून बघा.

प्रेषक: तेच ज्येष्ठ सभासद

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पुरुषांच्या चड्डीला किती?

प्रेषक: स्टॉलवाली भगिनी

होजिअरीच्या सुतीला ७.४ टक्के, काका. बायकांच्याला ७.६. नायलॉन-पॉलिस्टरमध्ये तुम्हाला १४.९, आम्हाला १५.६. आता हसू नका, कारण या भेदभावाचा गाजलेला खटला चामडी हातमोज्यांचा होता, आणि तिथे पुरुषांचे १४ टक्के, बाकीच्यांचे १२.६. आयातदार २०१० मध्ये हरला. दर वेगळे आहेत एवढं दाखवून भागत नाही, भेदभावाचा हेतू दाखवा, असं कोर्ट म्हणालं.

प्रेषक: खजिनदार

ताई, इन्व्हॉइसवर अगदी तसंच लिहिलंय, फक्त ‘शेपवेअर’चं स्पेलिंगही चुकलंय. रात्री डायनिंग टेबलावर २० च्या २० ताणून पाहिले (सौ.ने दार लावून घेतलं). १० ला पट्टा आहे, १० ला नाही. म्हणजे परकरांवर १४.०८ आणि बिनपट्ट्याच्या दहांवर ४.५९, एकूण १८ डॉलर ६७ सेंट परत मागायचे. जादा कर या हिशोबात धरलेला नाही. कुरिअरची हाताळणी फी याहून मोठी आहे, तरी मागायचेच ना?

प्रेषक: स्टॉलवाली भगिनी

मागायचे. कुरिअरच्या ब्रोकरला फोटो पाठवा, त्याने ऐकलं नाही तर प्रोटेस्टला, म्हणजे कस्टम्सकडे रीतसर हरकत घ्यायला, १८० दिवस असतात. आणि शिंप्याला सांगा, पुढच्या वेळी तीन ओळी वेगवेगळ्या लिही: काय आहे, होजिअरी की मागावरचं, सुती किती टक्के. आणि पट्टेवाले १० मला बाजूला ठेवा, एक मीच घेणार आहे.