मोडलेलं रुटीन परत कसं बसवता? (वजन कमी करणं चालू आहे, मदत हवीय)

नमस्कार मंडळी,

डाएट प्लॅन नकोय, तो आहे माझ्याकडे, एक सोडून तीन आहेत. अडचण वेगळीच आहे.

साडेचार महिन्यांत ८६ वरून ७९ वर आलो. जगावेगळं काही केलं नाही, रोज सकाळी ४० मिनिटं भरभर चालणं, आठवड्यातून दोनदा घरीच डंबेल्स, प्रत्येक जेवणात प्रोटीन आणि रात्री साडेआठनंतर तोंड बंद. खरं सांगतो, मजा यायला लागली होती, दाराशी बूट दिसले की पाय आपोआप निघायचे. मग तापाने आठ दिवस झोपवलं आणि तेव्हापासून जे गाडं घसरलंय ते घसरलंयच. ताप जाऊन तीन आठवडे झाले, अजून एक दिवस चालायला जातो आणि दोन दिवस बुट्टी. बुट्टी मारली की डोक्यात 'आजचा दिवस गेलाच आहे' सुरू, मग संध्याकाळी बिस्किटांचा पुडा फोडला की संपवूनच उठतो, उद्यापासून नीट करू म्हणत. तो उद्या काही उगवत नाही.

त्यात वजनकाटा. परवा दोन दिवसांत दीड किलो जास्त दाखवलं. आता एक किलो फॅट म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, म्हणजे मी दोन दिवसांत साडेअकरा हजार जादा खाल्ल्या असत्या तर, आणि एवढं माझ्याच्याने जाणारच नाही. मीठ जास्त झालं, कार्ब्ज जास्त झाले, शरीराने ग्लायकोजेन (कार्ब्जचा राखीव साठा) साठवलं की त्याच्या दर ग्रॅममागे ३ ग्रॅम तरी पाणी धरलं जातं, सगळं पाठ आहे हो. पण सकाळी सकाळी तो आकडा बघितला की पाठ केलेलं राहतं बाजूला, मूड जातो आणि परत पुडा.

२१ दिवसांत सवय लागते वगैरे सांगू नका प्लीज. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात (२०१०) सरासरी ६६ दिवस निघाले होते, कुणाला १८ तर कुणाला थेट २५४. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही असंही त्यात दिसलं होतं. एखादा! माझे बावीस झालेत.

तर विचारायचं असं की परत सुरू करताना एकदम ४० मिनिटं धरायची की दहापासून? मला दहा मिनिटं म्हणजे स्वतःचीच फसवणूक वाटते, कदाचित तिथेच चुकत असेन. आणि वजन रोज करून आठवड्याची सरासरी बघता का? बायको म्हणते काटा माळ्यावर टाक.

ज्यांनी वर्षभर तरी टिकवलंय त्यांनी वाईट आठवड्यात नक्की काय केलं ते लिहा. 'मनाचा निर्धार करा' वाल्यांना आधीच नमस्कार, तो मी दर रविवारी रात्री करतोच.

ता.क. थायरॉइड, शुगर तपासून झालंय, नॉर्मल आहे.