‘स्टेन्ड अँड पेंटेड ग्लास’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स या मध्ययुगीन कलेच्या संग्रहालयातील आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील फ्लेमिश (आजच्या बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांताच्या) काचफलकांवर लिहिताना ‘स्टेन्ड अँड पेंटेड ग्लास’ या जोडशब्दाशी गाठ पडते. ‘स्टेन्ड’ आणि ‘पेंटेड’ या दोन्हींसाठी ‘रंगीत काच’ चालेल का?

प्रतिसाद १ : चालणार नाही, कारण ‘रंगीत काच’ हे नाव तिसऱ्याच वस्तूला शोभते. वितळलेल्या काचेत धातूंची संयुगे मिसळून जी अंगचीच निळी किंवा हिरवी काच बनते, ती रंगीत काच. तिचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून खिडकी उभी करतात. ‘पेंटेड’ म्हणजे लोखंडाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची पूड यांच्या काळपट-तपकिरी रंगाने काचेवर चित्र काढून ती भट्टीत भाजणे. काटेकोर अर्थाने ‘स्टेन’ मात्र चांदीचा असतो : चांदीचे संयुग बहुधा काचेच्या मागील बाजूस लावून भाजले की चांदी काचेत शिरते आणि फिकट लिंबासारख्या रंगापासून गडद केशरीपर्यंतच्या छटा उमटतात. युरोपात ही रीत १४व्या शतकाच्या आरंभी रुळली.

नेदरलँड्समधील (तेव्हा त्यात फ्लँडर्सही येई) १५व्या-१६व्या शतकांतील काचेच्या गोल चकत्या पाहिल्या म्हणजे हा भेद किती मोलाचा आहे ते कळते. साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या एकाच रंगहीन काचेवर तपकिरी रेषा, छाया आणि चांदीचा पिवळा एवढ्यांतच बायबलमधील उधळ्या पुत्राची किंवा टोबितची कथा रंगवलेली असते, आणि चित्राला छेदणारी शिशाची पट्टीही मुळात नसते. अशा चकतीला ‘रंगीत काच’ म्हणणे म्हणजे वाचकाची सरळ दिशाभूल आहे. मी ‘चित्रित काच’ म्हणेन आणि पिवळ्यासाठी ‘रजतरंजन’ सुचवेन. ‘डाग’ हा शब्द तर नकोच, त्याने काच खराब झाल्याचा भास होतो.

प्रतिसाद २ : ‘रजतरंजन’ पटले, परंतु पहिल्या वापरात त्याचा खुलासा करावा लागेल. शिवाय प्रत्येक फलक चकतीसारखा नसतो. बेल्जियममधील ब्रुज शहराच्या ‘पवित्र रक्ता’च्या चॅपेलमधील (प्रार्थनामंदिरातील) खिडक्या १८व्या शतकाच्या अखेरीस तिथून निघाल्या आणि पुढे लंडनच्या उपरोक्त संग्रहालयात आल्या. त्यांतील सम्राट मॅक्सिमिलियन आणि बर्गंडीची मेरी यांच्या भव्य आकृतींत अंगची रंगीत काच आणि तीवरचे चित्रण, दोन्ही आहेत. अशा फलकांसाठी ‘रंगीत व चित्रित काच’ हेच लिहावे, आणि चकत्यांसाठी नुसते ‘चित्रित काच’.